पुटकुळीमागे एक मटार

सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाच्या चष्म्याचा नंबर वाढतो, गुडघा कुरकुरायला लागतो, साखर काठावर येते. ही सगळी मानाची दुखणी आहेत. ती चारचौघांत सांगता येतात, आणि आपण सांगितली की समोरचाही आपली सांगतो, त्यात तास बरा जातो. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाढी करताना मला हनुवटीवर जे दिसलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. ती पुटकुळी होती. लालबुंद, टणक, वर पिवळा ठिपका. शुद्ध मराठीत हिला तारुण्यपिटिका म्हणतात. माझं तारुण्य जाऊन इतकी वर्षं झाली होती की काही सामान विसरलं म्हणून ते परत आलं असेल, असंही मानता येईना.

आठवडाभरात तिला सहा बहिणी आल्या. दोन डाव्या गालावर, तीन उजव्या, आणि एक थेट नाकाच्या शेंड्यावर. ही शेवटची जरा आगाऊच होती. समोरचा माणूस माझ्याशी बोलताना तिच्याशी बोलायचा.

आता यावर सरळ उपाय होता. डॉक्टरकडे जाणं. तो मला बंद होता, आणि तो मीच बंद करून घेतला होता. ते कसं, ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो.

आमची मुलगी तनया सतरा वर्षांची आहे, बारावीत. माझी विमा कंपनीतली बदलीची नोकरी, त्यामुळे सातारच्या आफळ्यांची ही मुलगी भोपाळ आणि जयपूरमध्ये वाढली. तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षं पुटकुळ्या होत्या. केस गालांवर सोडून, मान खाली घालून चालायची. मी म्हणायचो, "वयाचं असतं, जाईल." इथवरही ठीक होतं. पण दिवाळीत इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला, तीसेक माणसांसमोर, मला विनोद सुचला. कुणीतरी म्हणालं की जयपूरला मुलं किल्ले करत नाहीत हो. मी म्हणालो, "आमच्याकडे गरजच नाही. तनयाच्या गालावर डोंगर तयारच आहेत, नुसते मावळे ठेवायचे."

सगळे हसले. तनयाही हसली. घरी येऊन ती खोलीत गेली, आणि तेव्हापासून माझ्याशी "हो", "नाही" आणि "आई, बाबांना सांग" एवढंच बोलत होती.

साधना, म्हणजे आमची सौभाग्यवती, त्यानंतर आठ दिवसांत तिला सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टर कीर्ती भंडारींकडे घेऊन गेली. मी तेव्हाही म्हणालो होतो की पुटकुळीला कसला आलाय डॉक्टर. डॉक्टरीणबाईंनी एक जेल लिहून दिलं, बारा आठवडे धीर धरा म्हणाल्या. पहिले तीन आठवडे चेहरा उलट बिघडला, आणि मी जेवताना दोनदा "बघा" म्हणालो. मग हळूहळू सुधारायला लागला. डिसेंबर संपत आला तेव्हा तनयाने केस मागे बांधले. मंडळाच्या तिळगूळ समारंभाचं सूत्रसंचालन करायलाही ती तयार झाली. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला होता, आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. साधना मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, पोरगी दोन वर्षांनी लोकांसमोर उभी राहतेय. तुम्ही आता कृपा करून काही बोलू नका."

अशा घरात, अशा वेळी, मी कोणत्या तोंडाने म्हणणार की मलाही त्याच डॉक्टरकडे न्या? तोंड तर तेच होतं, पुटकुळ्यांचं.

सुदैवाने जयपूरची थंडी मफलरला पोषक आहे. मी नाकापर्यंत मफलर गुंडाळून हिंडू लागलो. पण खातीपुऱ्यात आम्ही ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो त्या मधुमतीजींच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांना वाचायला चष्मा लागतो, लांबचं तर त्यांना चष्म्यानेही धड दिसत नाही, पण पुटकुळी त्यांनी वासाने ओळखली असावी. जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "आफले साहब, ये पेट की गरमी है. मुल्तानी मिट्टी लगाइए. मेरे देवर को तो फोड़े हो गए थे, इसी से गए." देवराचे फोड गेले की देवर, हे वाक्यावरून स्पष्ट होत नव्हतं. तरी मी वाटीभर माती घेऊन वर आलो. अर्ध्या तासात ती चेहऱ्यावर वाळली आणि मला तोंड उघडता येईना. साधनाने भाजी काय करू विचारलं तेव्हा मी बोटाने पालेभाजीकडे खूण केली. लग्नाला वीस वर्षं झाल्यामुळे तिने कारण विचारलं नाही.

मंडळाचे सदाशिवराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याही विषयावर मत विचारावं लागत नाही. त्यांनी टूथपेस्ट सांगितली. "रात्री प्रत्येकीवर एकेक टिकली ठेवायची, सकाळी सपाट!" सकाळी माझी उशी पुदिन्याच्या वासाने दरवळत होती आणि पुटकुळ्या होत्या तिथेच होत्या, फक्त थंडगार झाल्या होत्या. मग मी साधनाचं अक्रोडाचं खरखरीत स्क्रब काढलं आणि, करपलेली कढई घासावी तसा, पाच दिवस सकाळ-संध्याकाळ चेहरा घासला. नाकाच्या शेंड्यावरची तेवढी फुटली. तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दोन आल्या आणि एका गालावरची मावळली, म्हणजे एकूण बेरीज पुन्हा सातच राहिली.

आणि मग, न्हाणीघरातल्या फळीवर, मला तनयाचं जेल दिसलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. मी दावे विभागात अधिकारी आहे. माणूस गेला की घरचे आमच्याकडे येतात, आणि पॉलिसी घेताना त्याने सगळं खरं सांगितलं होतं का, हे आम्ही तपासतो. दहा वर्षांपूर्वीचा दमा त्याने अर्जात लिहिला नसेल तर मी समासात लाल शाईने दोन शब्द लिहितो: माहिती दडवली. हे शब्द मी इतक्यांदा लिहिलेत की माझी सही बिघडेल पण ते बिघडायचे नाहीत. दुसरं म्हणजे, लोक अटी वाचत नाहीत याचा मला मनस्वी राग आहे. पंचवीस वर्षं मी काउंटरपलीकडच्या माणसांना तेच सुनावत आलो आहे. सोळा अटी दिल्यात त्या काय शोभेला दिल्यात?

तनयाने डॉक्टरांच्या सूचनांचा कागद आरशाच्या कडेला चिकटवला होता. चांगल्या दहा ओळी होत्या. मी पहिली वाचली. "मटर के दाने जितना." एवढं पुरे होतं.

आता सांगा, मटाराच्या दाण्याएवढं म्हणजे कशावर? पूर्ण चेहऱ्यावर, की एकेका पुटकुळीवर? दुसऱ्या ओळीत ते होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी आमच्या विभागाच्या पद्धतीने विचार केला. आमच्याकडे प्रत्येक पॉलिसीचा दावा वेगळा. एकाच माणसाच्या चार पॉलिसी असल्या तर दावे चार. सगळे एका फायलीत कोंबले तर वरिष्ठ परत पाठवतात. तेव्हा सात पुटकुळ्यांना सात मटार, हे उघडच होतं. शिवाय थंडीत जयपूरचा मटार काय मोजावा! साधना रोज किलोभर सोलत होती. माप चुकू नये म्हणून मी परातीतला एक टपोरा दाणा खिशात घालून न्हाणीघरात नेला आणि त्याच्या शेजारी धरून जेल मोजलं. सचोटीला कुठे उणेपणा नव्हता.

रात्री लावायचं असतं, हेही कागदावर होतं म्हणे. मी रात्री लावलं. मग काम लवकर व्हावं म्हणून सकाळीही लावलं. थोडं चुरचुरलं. औषध लागू पडतंय, असं मी मनाशी म्हणालो.

तीन दिवसांत दोन गोष्टी झाल्या. माझ्या हनुवटीची सालं निघायला लागली, आणि महिनाभर पुरायची ट्यूब टॉवेलासारखी चपटी झाली. तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं की हे काही सार्वजनिक खोबरेल तेल नाही, कुणाच्या तरी नावाने मिळालेलं औषध आहे. मी घाबरलो. गुपचूप दुसरी ट्यूब आणून ठेवावी म्हणून मफलर वर ओढून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो.

"पर्ची?" तो म्हणाला.

मी मोबाइलमध्ये तनयाच्या कागदाचा फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला. "तनया, सत्रह साल, फीमेल." मग माझ्याकडे पाहिलं. दुकानात चार माणसं होती, तीही पाहू लागली. "मुँहासों वाली जेल है ना?" त्याने चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं. "इसकी ट्यूब तो पिछले हफ्ते गई है. एक महीना चलती है. डॉक्टर साहब से दुबारा लिखवाके लाइए."

मी म्हणालो की ट्यूब हरवली. तो म्हणाला, हरवल्याचं लिहून आणा. मी म्हणालो की मी स्वतः विमा कंपनीत अधिकारी आहे. तो म्हणाला, मग तर तुम्हाला समजायलाच हवं. वास्तविक हा माणूस मी आमच्या विभागात डोळे झाकून घेतला असता, पण त्या दिवशी मला त्याचा फार संताप आला. मी एक खोकल्याची बाटली विकत घेऊन, खोकत बाहेर पडलो.

तनयाने चपटी ट्यूब त्याच रात्री पाहिली. मी वर्तमानपत्राआड होतो. ती साधनाला म्हणत होती, "आई, मी ना, खूप जास्त लावत असेन. मतलब, मला कळतच नसेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं जास्त लावलं तर स्किन जळेल. आता मी अर्धा दाणा लावते, आणि एक दिवस सोडून." साधना म्हणाली, "अगं पण तू तर बरोब्बर लावतेस." "मग गेलं कुठे?" पोरगी म्हणाली. वर्तमानपत्राआड मी तीन वेळा एकच शोकसंदेश वाचला. बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्या दिवाळीनंतर ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि दोन महिन्यांनी बोलण्याची सुरुवात मी तुझं औषध चोरलं अशी करायची, हे मला जमलं नाही. मी पान उलटलं. आठवडाभरात ट्यूब पूर्ण संपली, आणि तनयाच्या कपाळावर नव्या तीन आल्या. तिने केस परत गालांवर सोडले.

मधे संक्रांत आली. जयपुरात संक्रांतीला माणूस जमिनीवर राहत नाही. सकाळी आठला सगळं शहर गच्चीवर चढतं, स्पीकर लागतात, आणि आकाशात पतंगांची दाटी होते. मधुमतीजींनी गच्चीवर शेंगदाणे, शेवयांसारखी गोड फीणी आणि तिळाचे लाडू मांडले होते. मीही चढलो. थंडी असल्यामुळे ऊन सुखावह वाटत होतं, आणि पतंग उडवताना मफलर आड येत होता म्हणून काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत मी एकूण चार पतंग कापले आणि सतरा कापून घेतले. कागदावर आणखी एक ओळ होती, ती मी न वाचलेली: हे जेल लावणाऱ्याने उन्हापासून चेहरा जपायचा, बाहेर पडताना सनस्क्रीन लावायचं. गच्चीवरून उतरलो तेव्हा माझा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. सकाळी आरशात पाहिलं तर डोळे बारीक, गाल सुजलेले, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडीचे पापुद्रे लोंबत होते.

"हे काय?" साधनाने विचारलं.

"ऊन," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. फक्त पूर्ण नव्हतं.

आमच्या कार्यालयात चेहरा दाखवून हजेरी लागते. यंत्रासमोर उभं राहायचं, ते हिरवं होतं, आत जायचं. त्या सकाळी ते लाल झालं. चेहरा जुळत नाही. मी चष्मा काढला, घातला, हसलो, हसताना गाल फाटला म्हणून गंभीर झालो. चेहरा जुळत नाही. माझ्यामागे दहा जणांची रांग लागली. प्रशासन विभागाचे गुप्ताजी आले आणि त्यांनी मला निरखून पाहिलं, जणू यंत्राची बाजूही ऐकून घ्यायला हवी. शेवटी ते म्हणाले, "सर, नियम के हिसाब से आप एप्लिकेशन दे दीजिए, कि मशीन में जो मुरलीधर आफले हैं और आप, दोनों एक ही व्यक्ति हैं. दो गवाह लगेंगे." मी हा अर्ज शेकडो विधवांकडून लिहून घेतला आहे, नवऱ्याचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं की. स्वतः लिहायला बसलो तेव्हा अर्धा तास लागला. दुसऱ्या साक्षीदाराने सही करण्यापूर्वी मला माझा कर्मचारी क्रमांक विचारला.

घरी आलो तर साधना दारातच. "तनया म्हणतेय रविवारी जाणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा म्हणतेय. मी शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय, पण माझं शनिवारी हळदीकुंकू आहे, पंचवीस बायका यायच्यात. तुम्ही जा तिच्याबरोबर."

मी नको म्हणू शकलो असतो. पण खोलीतून तनयाचा आवाज नव्हता. आठवडाभर ती सूत्रसंचालनाच्या ओळी मोठ्याने पाठ करत होती, "आदरणीय अध्यक्ष महोदय" पासून, तिच्या त्या अडखळत्या मराठीत. ते बंद झालं होतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, जातो.

शनिवारी तनयाने स्कूटर चालवली, मी मफलर आणि हेल्मेट घालून मागे बसलो. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही.

डॉक्टर कीर्ती चाळिशीच्या, शांत आवाजाच्या, आणि माझ्यासारखीच तारखा पाहण्याची सवय असलेल्या निघाल्या. त्यांनी फाईल उघडली. "पंद्रह ग्राम की ट्यूब दस दिन में? तनया, तुमसे मैंने क्या कहा था? पूरे चेहरे के लिए एक दाना. जल्दी ठीक होने के चक्कर में ज़्यादा लगाया ना?"

तनया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "शायद. मुझे पता नहीं चला, मॅम."

"पता नहीं चला तो कैसे चलेगा? ज़्यादा लगाने से फायदा नहीं होता, सिर्फ स्किन जलती है. मैं भरोसे पर ये दवा देती हूँ. अगर सँभल नहीं रही तो बंद करके कुछ हल्का देते हैं, फिर से शुरू से चलेंगे." त्यांनी पेन उघडलं.

पोरीने मान खाली घातली. गालांवरचे केस पुढे आले, आणि तिच्या मांडीवर टपकन एक थेंब पडला. न केलेल्या गुन्ह्याची ती कबुली देत होती. आणि ज्याने तो केला तो शेजारच्या खुर्चीत मफलरात बसला होता, पंचवीस वर्षं लाल शाई वापरलेला.

"तिने नाही," मी मराठीतच म्हणालो. मग हिंदी आठवली. "डॉक्टर साहब, इसने नहीं लगाया. मैंने लगाया है." आणि मी मफलर सोडला.

डॉक्टरांचं पेन तसंच राहिलं. तनयाने केस बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत प्रथमच पूर्ण पाहिलं.

"आपने," डॉक्टर म्हणाल्या. "कितना लगाया?"

"एक पिंपल, एक मटर."

"और पिंपल कितने थे?"

"सात. सुबह-शाम."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चौदह मटर," त्या हलकेच म्हणाल्या. माझी खात्री आहे की वैद्यकीय शिक्षणात त्यांना हसू दाबायलाही शिकवलं असणार, पण त्या दिवशी ते शिक्षण कमी पडत होतं. मग त्यांनी सरळ होऊन विचारलं, "और इसके अलावा क्या-क्या लगाया?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. सवय जाता जात नाही.

"मुल्तानी मिट्टी," तनया म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो.

"आंटीवाली. कटोरी किचन में थी. फिर टूथपेस्ट, तकिये पर लगा था. फिर आई का स्क्रब, पाँच दिन, आधी ट्यूब खत्म कर दी. और संक्रांत को सुबह आठ से शाम तक छत पर थे, बिना टोपी के. मैंने आई को बोला भी था, बाबांना टोपी दे." ती बोटांवर मोजत होती. माझ्याशी न बोलणाऱ्या मुलीने माझ्याकडे इतकं बारीक लक्ष ठेवलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या विभागाच्या तपासनीसांनी इतका नेटका अहवाल कधी दिलेला नाही.

डॉक्टरांनी मग मला ऐकवलं. दुसऱ्याच्या नावाचं औषध स्वतः लावायचं नाही, ते तिच्या वयाला, तिच्या त्वचेला पाहून दिलेलं असतं. या वयात अचानक पुटकुळ्या आल्या तर कारण बघावं लागतं, कधी एखादी गोळीही असते कारणाला. जेल लावताना घासायचं नाही, माती नाही, टूथपेस्ट नाही. आता दोन आठवडे फक्त साधा साबण आणि त्यांनी दिलेलं मलम. चेहरा बरा झाला की मग पाहू, आणि तेव्हाही एक दिवसाआड, पूर्ण चेहऱ्याला मिळून एकच दाणा. "और धूप बिल्कुल नहीं. अभी तो सनस्क्रीन भी जलेगी. ऊनी मफलर भी नहीं, चुभेगा. सूती कपड़ा बाँधकर जाइए."

तनयाला त्या म्हणाल्या, "तुम बिल्कुल ठीक लगा रही थी. वही चालू रखो. ये तीन तो दब जाएँगे." आणि नवी चिठ्ठी लिहिताना माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाल्या, "ट्यूब अपनी अलमारी में रखना."

बाहेर बाकावर आम्ही बिलाची वाट पाहत बसलो. मी म्हणालो, "तनया, किल्ल्याचं बोललो ते फार चुकलं. आणि ट्यूबचं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला लाज वाटत होती."

"मला वाटलंच नाही तुम्ही घेतलं असेल," ती म्हणाली. "मतलब, तुम्ही तर म्हणता याला औषधच लागत नाही." मग म्हणाली, "त्या दिवशी ना बाबा, सगळे हसले ते ठीक आहे. पण मी बघितलं, तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ हसत होता."

मी मान हलवली.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"खूप."

"हो. सुरुवातीला मला पण. कुणाला सांगता येत नाही ना?"

"नाही येत," मी म्हणालो.

पायऱ्यांवर दुपारचं ऊन होतं. मी मफलर हातात घेऊन आडोशाला थांबलो. तनयाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरची ओढणी काढली. सांगानेरी छापाची, गुलाबी, बारीक पानाफुलांची, मऊ सुताची. "खाली वाका," ती म्हणाली. इथल्या मुली स्कूटरवर जातात तशी तिने ती माझ्या डोक्यावरून घेऊन, गालांवरून फिरवून, मागे गाठ मारली. फक्त डोळे उघडे राहिले. मी म्हणालो, अगं मी प्रथमवर्ग अधिकारी आहे. ती म्हणाली, "हो, माहितीये, हेल्मेट घाला." मग स्कूटरच्या आरशात पाहून तिने स्वतःचे केस वर घट्ट बांधले, कपाळावरच्या तिघींसकट, आणि सनस्क्रीन लावलं.

"उद्या जाणारेस का?" मी विचारलं.

"जाणार. आणि तुमचं आभारप्रदर्शन मी करणार. तुमचं हे तोंड घेऊन तुम्ही शेवटच्या रांगेत बसा."

अख्ख्या सिव्हिल लाइन्समधून आणि मग खातीपुऱ्यापर्यंत मी गुलाबी ओढणीत मुलीच्या मागे बसून आलो. आमच्याच कार्यालयाचे दोन कारकून सिग्नलला शेजारी थांबले. एकाने आदराने नजर दुसरीकडे वळवली. तनया मात्र पूर्ण वाट बोलत होती. अध्यक्षांचं नाव कसं उच्चारायचं, "स्नेहबंध" शब्द नीट येतो का, सदाशिवराव माईक सोडतच नाहीत, त्यांना कसं उठवायचं. मी मागून उत्तरं देत होतो. ओढणीतून आवाज नीट जात नव्हता, म्हणून मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

घराशी उतरलो. हेल्मेट काढलं, पण ओढणी सोडायला हात मागे पुरेना. एवढ्यात व्हरांड्यात ऊन खात बसलेल्या मधुमतीजींनी चष्म्याशिवायच मान वर केली. मी अंगाने किरकोळ, त्यात साधनाने विणलेला स्वेटर.

"तनया बेटा," त्या म्हणाल्या, "सहेली आई है क्या?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. तनयाने माझ्या पाठीवर हात ठेवून मला जिन्याकडे वळवलं.

"जी आंटी," ती म्हणाली. "सहेली ही है."

मी मान खाली घालून पायऱ्या चढू लागलो.

"अच्छे घर की लगती है," मधुमतीजी म्हणाल्या.